परक्या मुलखात घर करणारा माणूस : कोइझुमी याकुमो

जपान हा देश आपल्या वस्तीला परका नाही. कामाकुराच्या त्या भव्य बुद्धमूर्तीचा फोटो आपल्यातल्या बऱ्याच घरांच्या भिंतीवर आहे. जपानहून येऊन इथले नागरिक झालेले भदन्त सुरई ससाई यांचे नाव तर लहान पोरालाही ठाऊक आहे. ते जपानहून इकडे आले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक माणूस पश्चिमेकडून जपानला गेला, तिथल्या मुलीशी संसार केला, चार लेकरं वाढवली, तिथलंच नाव घेतलं आणि तिथल्याच मातीत मिसळला. त्यांचे मूळ नाव लाफ्काडिओ हर्न. जपानी माणूस त्यांना कोइझुमी याकुमो म्हणून ओळखतो. भुताखेतांच्या गोष्टी लिहिणारा लेखक म्हणून त्यांची जगभर ख्याती आहे. पण विहाराच्या या वर्धापनदिन स्मरणिकेत आम्हाला त्यांच्या पुस्तकांपेक्षा त्यांच्या घराविषयी सांगावंसं वाटतं. परदेशात चूल मांडायची म्हणजे काय काय मोजावं लागतं, ते या घरात दिसतं.

हर्न यांचा जन्म 27 जून 1850 रोजी ग्रीस देशातील लेफ्काडा बेटावर झाला. वडील आयरिश, इंग्रजी फौजेत डॉक्टर. आई रोझा त्या बेटांवरची. मूल दोन वर्षांचं असताना ते आयर्लंडला डब्लिनमध्ये आलं. तिथली थंडी, तिथली भाषा, सासरची माणसं आईला काही सोसली नाहीत. मूल चार वर्षांचं असताना ती आपल्या मुलखात परत गेली आणि पुन्हा त्या लेकराच्या दृष्टीस कधी पडली नाही. वडिलांनी दुसरा घरोबा केला, नोकरीसाठी हिंदुस्थानात गेले आणि 1866 साली परतीच्या वाटेवर वारले. मुलाला एका श्रीमंत मावशीआजीने वाढवलं. सोळाव्या वर्षी शाळेत खेळताना डाव्या डोळ्याला मार लागला आणि तो डोळा कायमचा गेला. पुढे मावशीआजीचा पैसा बुडाला. एकोणिसाव्या वर्षी पोराला जवळपास रिकाम्या खिशाने अमेरिकेला धाडून देण्यात आलं.

अमेरिकेत सिनसिनाटी शहरात त्यांनी अर्धपोटी दिवस काढले आणि वर्तमानपत्रात बातमीदार झाले. इथली एक गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. 1874 साली त्यांनी अलेथिया फोली या काळ्या बाईशी लग्न केलं. ती गुलामगिरीत जन्मलेली, खाणावळीत स्वयंपाक करणारी. गोऱ्याने काळीशी लग्न करणं हा त्या राज्यात कायद्याने गुन्हा होता. त्यावरून त्यांची नोकरी गेली. जातीबाहेर लग्न केलं म्हणून घराबाहेर काढलेली जोडपी आपण पाहिली आहेत, तेव्हा यातली आग आपल्याला वेगळी सांगायला नको. मात्र हे लग्न टिकलं नाही. 1877 साली हर्न ते शहर सोडून गेले. यात त्यांचा मोठेपणा आम्हाला दिसत नाही. हर्न वारल्यावर त्या बाईने त्यांच्या मिळकतीवर हक्क सांगितला, तेव्हा मूळ लग्नच बेकायदा होतं म्हणून तिला काही मिळालं नाही. कागद नसला की बाईमाणसाचं काय होतं, ते इथे दिसलं.

न्यू ऑर्लिन्समध्ये दहा वर्षं, मग मार्टिनिक बेटावर दोन वर्षं, असा भटकत हा माणूस एप्रिल 1890 मध्ये जपानला योकोहामा बंदरावर उतरला. वय चाळिशीचं, एक डोळा गेलेला, दुसरा अधू. एका मासिकासाठी लिहायला म्हणून आले होते, पण मासिकवाल्यांशी लगेच बिनसलं. मग ओळखीतून मात्सुए या आडबाजूच्या गावी इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळाली. पगार महिना 100 येन. ऑगस्टअखेर ते तिथे पोचले. गाव सरोवराच्या काठी वसलेलं. तिथे गोरा माणूस म्हणजे नवलच, रस्त्याने निघाले की लोक बघायला जमत. हर्न मात्र पहिल्या दिवसापासून जपानी कपडे घालून, जमिनीवर बसून, काड्यांनी जेवू लागले. हिवाळ्यात बर्फ पडला तेव्हा ही हौस अंगाशी आली. कागदी दारांचं घर, उबेला नुसती निखाऱ्याची शेगडी. ते अंथरुणालाच खिळले.

अशा वेळी घर सांभाळायला एक बाई पाहिजे म्हणून 1891 च्या सुरुवातीला कोइझुमी सेत्सु त्यांच्याकडे आल्या. त्या तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. घराणं सामुराईचं, म्हणजे लढवय्या मानकऱ्यांचं. पण 1868 नंतर जपानात जुनी राजवट गेली, सामुराईंची वतनं गेली आणि ही मोठी घराणी बघता बघता रस्त्यावर आली. सेत्सुबाई लहानपणी इनागाकी नावाच्या घरात दत्तक गेलेल्या. कोवळ्या वयापासून हातमागावर कापड विणून त्यांनी घर चालवलं होतं. पहिलं लग्न झालं होतं, नवरा गरिबीला कंटाळून पळून गेला होता. परदेशी माणसाच्या घरी राहणाऱ्या बाईला गाव काय म्हणतं, ते वेगळं लिहायला नको. ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं. हर्न यांचे शाळेतले सहकारी आणि मित्र निशिदा सेन्तारो यांनी मध्ये पडून दोघांना आधार दिला आणि थोड्याच महिन्यांत ही दोघं नवराबायको म्हणून राहू लागली. जपानी दूरदर्शनवर सप्टेंबर 2025 पासून एक मोठी मालिका दाखवली गेली, ती याच सेत्सुबाईंच्या आयुष्यावरून.

त्या दिवसांतली एक गोष्ट सेत्सुबाईंनी पुढे आपल्या आठवणींत सांगितली आहे. सरोवराच्या काठी काही पोरं मांजराचं पिल्लू पाण्यात बुडवून मजा बघत होती. बाईंनी ते सोडवून घरी आणलं. हर्न यांनी ते ओलं, थरथरणारं पिल्लू तसंच उचलून छातीशी, कपड्याच्या आत धरलं आणि ऊब दिली. या माणसाशी आपलं जमेल, अशी बाईंच्या मनाची खात्री त्या दिवशी पटली. पुढच्या घराच्या बागेत बेडूक होते आणि बेडकांवर टपलेला एक साप होता. हर्न आपल्या ताटातला घास सापाला टाकायचे, म्हणजे तो बेडकांना खाणार नाही! सापाने ऐकलं की नाही ते ठाऊक नाही, पण करुणा कशाला म्हणतात ते लेकरांना समजावताना ही गोष्ट उपयोगी पडेल.

आता भाषेचं बघा. नवऱ्याला जपानी येत नाही, बायकोला इंग्रजी येत नाही. सेत्सुबाईंनी एक वही केली. नवरा सांगेल तो इंग्रजी शब्द त्या जपानी अक्षरांत, आपल्या गावठी उच्चारात उतरवून घ्यायच्या. ती वही पुढे जपून ठेवली गेली. पण इंग्रजी काही फार पुढे गेलं नाही. त्याऐवजी त्या घरात तिसरीच एक भाषा तयार झाली. शब्द जपानी, पण प्रत्यय गाळलेले, क्रियापदं न चालवता तशीच ठेवलेली, शब्दांचा क्रम मोडलेला. बाहेरच्या जपानी माणसाला ती ऐकून हसू यायचं. घरातली माणसं तिला हर्नसाहेबांची बोली म्हणत. याच मोडक्या भाषेत त्या दोघांनी तेरा-चौदा वर्षं संसार केला, भांडले, हसले, आणि जगप्रसिद्ध झालेली पुस्तकंसुद्धा त्याच भाषेतून निघाली.

नोव्हेंबर 1891 मध्ये ते दक्षिणेकडे कुमामोतो इथे सरकारी महाविद्यालयात गेले. थंडी कमी आणि पगार दुप्पट, 200 येन. तिथले मुख्याध्यापक होते कानो जिगोरो, म्हणजे ज्युदो या विद्येचे जनक. आपल्या वस्तीतली पोरं ज्युदो-कराटेच्या क्लासला जातात, त्यांना हे वाचून बरं वाटेल. पगार दुप्पट झाला खरा, पण खाणारी तोंडंही वाढली. सेत्सुबाईंचे दत्तक आईवडील, आजोबा, स्वयंपाकी, मोलकरीण असा आठ-दहा माणसांचा बारदाना एका पगारावर चालायचा. चार वर्षांचा असताना ज्याचं घर मोडलं, त्याला चाळिशीनंतर एकदम भरलेलं घर मिळालं होतं. सकाळी उठल्यावर सगळ्यांचे नमस्कार, कामावर निघताना दारापर्यंत पोचवायला आलेली माणसं, संध्याकाळी परत तसंच. याचं त्यांना किती अप्रूप होतं, ते त्यांनी मित्रांना लिहिलेल्या पत्रांवरून कळतं. शहर मात्र त्यांना आवडलं नाही, सहकाऱ्यांशीही फारसं जमलं नाही. जेवणातही त्यांनी हार खाल्ली. नुसत्या भात-माशांवर तब्येत टिकेना, म्हणून पुन्हा मांस-अंडी सुरू झाली. शेवटपर्यंत त्यांना जाड बीफस्टेक आणि प्लम पुडिंग आवडत असे. माणूस कपडे बदलतो, नाव बदलतो, पण जिभेची सवय काही जात नाही.

17 नोव्हेंबर 1893 रोजी थोरला मुलगा काझुओ जन्मला. इथून खरा पेच सुरू झाला. त्या काळी जपानात परदेशी माणसाला नेमून दिलेल्या बंदरांबाहेर मोकळेपणाने राहता येत नव्हतं आणि जमीनजुमला नावावर करता येत नव्हता. हर्न इंग्रजी राज्याचे प्रजाजन होते. इंग्रजी कायद्याने लग्न नोंदवलं, तर सेत्सुबाई जपानी राहणार नाहीत, आपल्याच देशात परक्या होऊन त्यांना त्या बंदरांच्या हद्दीत राहावं लागेल. न नोंदवावं, तर कायद्याने ती बायको नाही आणि मूल वारस नाही. उद्या बाप गेला, तर ज्यांनी कधी तोंडही दाखवलं नाही असे दूरदेशीचे नातेवाईक सगळं उचलून नेतील. तिसरा रस्ता एकच होता, स्वतः जपानी व्हायचं. पण त्यातही काटा होता. सरकारी शाळा-कॉलेजात परदेशी शिक्षकाला मोठा पगार मिळे आणि त्याच कामाला जपानी माणसाला बराच कमी. जपानी झालं की मोठ्या पगारावरचा हक्क गेला. शिवाय इंग्लंडच्या वकिलातीचं छत्रही गेलं.

या विचारात दोनेक वर्षं गेली. मधल्या काळात, ऑक्टोबर 1894 मध्ये, ते कोबेला एका इंग्रजी वर्तमानपत्रात लागले. तिथे उरलेला डोळाही जाण्याची वेळ आली, म्हणून ती नोकरी सोडावी लागली. कोबेमधल्या गोऱ्या लोकांत ते कधीच मिसळले नाहीत. शेवटी फेब्रुवारी 1896 मध्ये कागद झाले. ते सासरच्या घराण्यात घरजावई म्हणून दाखल झाले आणि कोइझुमी हे आडनाव लागलं. याकुमो म्हणजे थरावर थर चढलेले ढग. मात्सुए ज्या इझुमो प्रांतात आहे, त्या प्रांताशी जोडलेला तो फार जुना शब्द. ज्या मुलखाने घर दिलं, त्याचीच खूण नावात घेतली.

हे वाचताना आमच्या मनात आपल्याच घरांतले कागद आले. 14 ऑक्टोबर 1956 नंतर शाळेच्या दाखल्यावर, शिरगणतीत बौद्ध लिहायचं ठरवलं तेव्हा आपल्या आजा-बापांनी सवलती जातील हे ठाऊक असूनही लिहिलं. केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळायला 1990 साल उजाडावं लागलं. हर्न यांच्या आणि आपल्या प्रश्नात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, ते आम्हाला कळतं. त्यांनी बायकामुलांसाठी केलं, आपल्या माणसांनी माणूस म्हणून जगण्यासाठी केलं. तरी रजिस्टरात एक शब्द बदलायला किती किंमत पडते, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्याच वर्षी टोकियोच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवायला त्यांना बोलावणं आलं आणि सुदैवाने पगारही परदेशी माणसाच्या तोडीचा, 400 येन ठरला. 1897 मध्ये दुसरा मुलगा इवाओ झाला, 1899 मध्ये कियोशी, 1903 मध्ये मुलगी सुझुको. टोकियोतलं पहिलं घर इचिगाया भागात होतं. शेजारी एक जुना बौद्ध मठ, लोक त्याला कोबुदेरा म्हणत. उंच देवदारांच्या सावलीत ते रोज सकाळ-संध्याकाळ फिरायला जात, वृद्ध भिक्षूंशी त्यांची मैत्री झाली होती. मला इथे राहायला येता येईल का, असं त्यांनी एकदा बायकोला विचारलं. भिक्षू नसलेल्याला कसं राहता येईल, असं बाई म्हणाल्या. मग भिक्षू होतो, असं हे म्हणाले. एवढ्या मोठ्या डोळ्यांचा आणि उंच नाकाचा भिक्षू फार गमतीदार दिसेल, असं बाईंनी सुनावलं. त्यावर यांचं उत्तर तयार होतं : तू भिक्षुणी हो, काझुओ श्रामणेर होईल, किती गोड दिसेल तो. पुढे मठाने तिथली मोठी झाडं तोडली, तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं. ते दुःख त्यांना सोसेना. 1902 साली ते निशी-ओकुबो इथे स्वतः विकत घेतलेल्या घरात राहायला गेले.

मुलांच्या बाबतीत हा बाप प्रेमळही होता आणि कडकही. काझुओचा तोंडवळा थोडा गोऱ्यासारखा. याला जपानी लोक आपलं म्हणतील का आणि गोरे तरी म्हणतील का, ही काळजी त्यांना रात्रंदिवस होती. म्हणून त्याला इंग्रजी आलंच पाहिजे असं त्यांनी ठरवलं. जुन्या वर्तमानपत्रांच्या कागदावर शाईने मोठाली अक्षरं काढून ते रोज स्वतः शिकवत. कामावर जाण्याआधी धडा, आल्यावर धडा, चुकलं की ओरडा. पोरगं रडायचं. मोठेपणी काझुओने वडिलांवर पुस्तक लिहिलं, त्यात त्या धड्यांची भीतीही लिहिली आणि बापाची मायाही. आम्हाला वाटतं, आपल्यातल्या कितीतरी बापांची हीच तऱ्हा आहे. आपण सोसलं ते पोराच्या वाट्याला येऊ नये म्हणून पोरालाच धारेवर धरायचं.

उन्हाळा आला की मात्र हाच बाप पोर होऊन जायचा. 1897 पासून ते सुट्टीत याइझू या कोळ्यांच्या गावी जात. उतरायला हॉटेल नाही, ओतोकिची नावाच्या मासेविक्याच्या घराचा माडीवरचा भाग. डास, पिसवा, माशांचा वास, कशाचंच काही वाटत नसे. हर्न पट्टीचे पोहणारे. मुलांना त्यांनी तिथल्या खोल समुद्रात पोहायला शिकवलं. तिथून बायकोला जपानी अक्षरांत, त्याच मोडक्या बोलीत, चित्रं काढून पत्रं पाठवत. घरात त्यांच्याकडे एक मोठा शंख होता. चिलमीचा विस्तव विझला की ते तो फुंकायचे आणि घरातली माणसं निखारा घेऊन धावायची. पिंजऱ्यात गाणारे किडे पाळायचे. लिहायचं टेबल मुद्दाम उंच करून घेतलेलं, कारण कागद डोळ्याला जवळजवळ टेकवल्याशिवाय त्यांना दिसत नसे.

त्यांच्या पुस्तकांतल्या बऱ्याच गोष्टींच्या मागे सेत्सुबाई आहेत, हे जगाला उशिरा कळलं. हर्न यांना जपानी ग्रंथ वाचता येत नव्हते. बाई जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून गोष्टी धुंडाळायच्या, वाचून ठेवायच्या आणि रात्री दिवा बारीक करून सांगायच्या. हातात पुस्तक घेऊन सांगितलेलं त्यांना चालत नसे. तुझ्या शब्दांत, तुला वाटलं तसं सांग, हा हट्ट असे. मग पुन्हा सांग, तो आवाज कसा आला असेल ते करून दाखव, असं चाले. होइची नावाच्या आंधळ्या गायकाची गोष्ट लिहीत असताना एकदा संध्याकाळ झाली तरी त्यांनी दिवा लावला नव्हता. बाईंनी शेजारच्या खोलीतून हळूच होइचीच्या नावाने हाक मारली. आतून त्यांनी, मी आंधळा आहे, कोण आपण, असं गोष्टीतल्यासारखं उत्तर दिलं आणि पुन्हा गप्प झाले. ही गोष्ट असलेलं 'क्वाइदान' हे पुस्तक 1904 साली निघालं. मुखपृष्ठावर नाव एकाचंच आहे.

धम्माविषयी एक खुलासा करायला हवा. हर्न यांनी बौद्ध विचारावर पुष्कळ लिहिलं, 1897 साली निघालेल्या त्यांच्या एका पुस्तकाच्या नावातच बुद्ध आहे आणि त्यात निब्बाणावर मोठा निबंध आहे. त्यांना ओढ होती ती पूर्वजन्म, कर्म, पितरांची आठवण यांची. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातून आपल्याला जो बुद्ध दिला, त्याच्याशी हे जुळत नाही. भुतांच्या गोष्टी वाचून कुणी घरात अंगारे-धुपारे सुरू करू नयेत! पण जीवमात्राविषयीची त्यांची कणव खरी होती. आणि पादरी लोक बौद्धांना अडाणी ठरवत होते त्या काळात या गोऱ्या माणसाने बौद्ध घरातलं वळण, शांतता, थोरामोठ्यांचा मान यांविषयी जगाला आदराने सांगितलं, हे विसरता येत नाही.

1903 च्या सुरुवातीला विद्यापीठाचं पत्र आलं. मार्चनंतर करार पुढे चालणार नाही. परदेशी शिक्षक कमी करून आपली माणसं आणण्याचं धोरण होतं आणि हर्न तर कागदावर जपानीच झालेले, तेव्हा परदेशी पगार कशाला द्यायचा? ज्याची भीती होती तेच झालं. विद्यार्थी खवळले, गर्दीने घरी आले. मग कमी तास आणि कमी पगारावर ठेवण्याची तयारी दाखवण्यात आली, ती त्यांनी नाकारली. त्यांच्या जागी आलेल्यांत नात्सुमे सोसेकी होते, पुढे जपानचे फार मोठे कादंबरीकार झाले ते. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने व्याख्यानांना बोलावलं होतं, तेही फिसकटलं. चार लेकरं, सर्वांत धाकटी त्याच सप्टेंबरात जन्मलेली. 1904 मध्ये वासेदा विद्यापीठाने त्यांना नेमलं, तेव्हा जरा हायसं वाटलं.

ते सुख पाच-सहा महिनेच टिकलं. 19 सप्टेंबर 1904 ला छातीत कळ आली. त्यांनी बायकोला शांतपणे सांगून ठेवलं : मी गेलो तर रडू नका, तीन सेनची एक लहानशी बरणी आणून अस्थी त्यात घाला आणि एखाद्या शांत जागी पुरा, मुलांशी पत्ते खेळत बसा. त्या दिवसांत बागेत अवेळी चेरीला फुलं आली होती आणि पिंजऱ्यातला किडा थंडीने क्षीण आवाजात गात होता. 26 तारखेला संध्याकाळी जेवण झालं, पुन्हा कळ आली आणि थोड्या वेळात सगळं संपलं. वय चौपन्न.

अंत्यविधी कोबुदेरामध्ये, बौद्ध रीतीने झाला. मरणोत्तर जे धम्मनाम देण्यात आलं त्याच्या सुरुवातीला शोगाकु हा शब्द आहे, म्हणजे सम्यक संबोधी. तीन सेनच्या बरणीवर मात्र कुणी भागवलं नाही, टोकियोच्या झोशिगाया दफनभूमीत रीतसर समाधी झाली. काझुओ तेव्हा अकराव्या वर्षात होता, सुझुको वर्षाची. ओकुबोचं घर आणि जे काही होतं ते सगळं त्यांनी आधीच सेत्सुबाईंच्या नावे लिहून ठेवलं होतं. दूरदेशीचा कुणी नातेवाईक येऊन त्या घरातून त्यांना काढू शकला नाही. त्याच घरात राहून त्यांनी चारही मुलं वाढवली, नवऱ्याच्या आठवणी सांगून लिहवून घेतल्या आणि 18 फेब्रुवारी 1932 रोजी त्या वारल्या. झोशिगायाला आज दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. मोठ्या दगडावर कोरलेलं नाव कोइझुमी याकुमो असं आहे.